मस्क्युलर डिस्ट्रॉफीसाठी स्टेम सेलचं पॅकेज: नाशिकमधल्या एका सेंटरचा रिव्ह्यू

फिजिओथेरपी: पाचपैकी पाच. भूल आणि नर्सिंग: पाचपैकी चार. इमारत: पाचपैकी दोन. स्टेम सेल: पाचपैकी एक, कारण शून्य देता येत नाही.

सेंटरचं नाव मी देणार नाही. ताईला आणि भाऊजींना ते नको आहे, आणि तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी आमच्या मुलासाठी जे केलं ते आम्ही विसरणार नाही. शिवाय हेच पॅकेज, जवळपास याच शब्दांत, दुसऱ्या शहरांतही विकलं जातं. तेव्हा हा रिव्ह्यू त्या पॅकेजचा आहे असं समजून वाचा.

मी दादूची, म्हणजे ताईच्या मुलाची, मावशी. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून बरीच वर्षं नाशिकमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. रिपोर्ट वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून सेंटरने हातात ठेवलेले कागद मला वाचता आले. ज्यांच्या घरात असं कोणी नाही, आणि जे आत्ता दागिने मोडायचे की प्लॉट विकायचा या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितेय.

दादूला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा जनुकीय आजार. ताईचं घर सिन्नरला, भाऊजी मुसळगावच्या एमआयडीसीत कामाला. पाच वर्षांचा होईपर्यंत कुणाला काही वाटलं नाही. चालायला जरा उशीर झाला होता, एवढंच. मग शाळेत पळताना तो मागे पडायला लागला, जिन्यावर कठडा धरून स्वतःला वर ओढायला लागला, आणि जमिनीवरून उठताना आधी ओणवा होऊन, मग स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहायला लागला. पोटऱ्या मात्र जाडजूड. आजी म्हणायची, पैलवान होणार आमचा. तापाचं निमित्त होऊन रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली एन्झाइम्स दोन्ही वाढलेली. सगळ्यांनी कावीळ धरली. पण बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, अगदी नॉर्मल होतं आणि ते मला खटकलं, कारण ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात. त्याच सॅम्पलवर मी सीपीके (स्नायू फाटले की रक्तात येणारं एन्झाइम) लावला. मशीनच्या मर्यादेच्या बाहेर गेला. डायल्यूट करून पुन्हा लावला: १४,२००. एरवी हा आकडा २००च्या आसपास किंवा त्याखाली असतो. लहान मुलाचे एसजीओटी, एसजीपीटी वाढलेत आणि कावीळ दिसत नाही, असं असेल तर सीपीके करून घ्या. दोन-तीनशे रुपयांच्या या टेस्टने वर्ष-दोन वर्षांची वणवण वाचते.

पुढे मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमएलपीए नावाची जनुकीय तपासणी करायला सांगितली. डिस्ट्रोफिन हे प्रथिन बनवणारं जनुक माणसाच्या शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या जनुकांपैकी एक आहे. त्याचे ७९ तुकडे असतात, त्यांना एक्सॉन म्हणतात. दादूचे ४८ ते ५० हे तीन एक्सॉन गायब आहेत. त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि डिस्ट्रोफिन जवळजवळ तयारच होत नाही. हे प्रथिन स्नायूपेशीच्या भिंतीला आतून आधार देतं. ते नसलं की स्नायू प्रत्येक हालचालीत थोडे थोडे फाटतात, आणि त्यांच्यातलं सीपीके रक्तात सांडतं. शरीर दुरुस्ती करत राहतं. स्नायूंच्या कडेला सॅटेलाइट पेशी नावाच्या राखीव पेशी असतात (१९६१ साली अलेक्झांडर माऊरो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या पहिल्यांदा दाखवल्या), त्या जाग्या होतात आणि नवा स्नायू तयार करतात. पण त्या नव्या स्नायूतही डिस्ट्रोफिन नसतंच, म्हणून तोही फाटतो. होता होता दुरुस्ती कमी पडते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. त्या जाड पोटऱ्या म्हणजे हेच. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

आता सेंटर.

ओळखीतल्या एकाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक मुलगा आधी आणि नंतर जिना चढताना दिसतो. ताईने तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेल याचा हिशेब नाही. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले होते की स्टेरॉइड चालू करू, व्यायाम करू, हृदयावर लक्ष ठेवू. त्यांनी योग्यच सांगितलं होतं, पण "बरा होईल" हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. सेंटरच्या काउन्सेलर मॅडमनी पहिल्या पाच मिनिटांत "सुधारणा" हा शब्द वापरला. आईबाप कुठे जातील, सांगा.

इमारतीबद्दल आधी लिहिते, कारण दुसरं कोणी लिहीत नाही. स्नायूंच्या आजारांवर उपचार करणाऱ्या ठिकाणी दारात तीन पायऱ्या आणि कठडा नाही. रॅम्प मागच्या पार्किंगमधून, तिथे दुचाक्या लावलेल्या. लिफ्टमध्ये मोठी व्हीलचेअर सरळ जात नाही, पाय ठेवायची फळी दुमडून तिरकी घालावी लागते. आमच्या पुढे पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा होता, त्याला त्याच्या वडिलांनी उचलून नेलं. टॉयलेटला आधाराचे दांडे आहेत, ते चांगले आहेत.

काउन्सेलिंग दीड तास चाललं, अगदी शांतपणे. चहा आला. वेळ देतात, घाई करत नाहीत, आणि हे आम्हाला तोवर कुठेच मिळालं नव्हतं म्हणून फार भावलं. पॅकेज असं: मुलाच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो (हाडातला मगज) काढायचा, तो त्याच दिवशी लॅबमध्ये प्रोसेस करायचा, आणि त्यातल्या पेशी काही पाठीच्या कण्यातून, काही थेट मांडी-पोटरीच्या स्नायूंमध्ये इंजेक्शनने सोडायच्या. सोबत आठवडाभर रोज फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी. एका वेळचा खर्च पावणेतीन लाख. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा "बूस्टर" घेतला तर उत्तम, असंही सांगितलं.

मी तिथे तीन प्रश्न विचारले होते, ते जसेच्या तसे देते.

पहिला प्रश्न: पेशी दादूच्याच, म्हणजे त्यांच्यातही तेच तीन एक्सॉन नाहीत. मग त्या स्नायूत जाऊन डिस्ट्रोफिन कसं बनवणार? उत्तर मिळालं, "स्टेम सेलमध्ये रिपेअर करण्याची ताकद असते." हे उत्तर नाही. जो बिघाड शरीरातल्या प्रत्येक पेशीत आहे, तो त्याच शरीरातल्या हाडातून काढलेल्या पेशीतही असणार. फार तर असं म्हणता येईल की या पेशी काही द्रव्यं सोडतात आणि त्यामुळे सूज कमी होते. तसं असेल तर तसं सांगा, आणि ते किती दिवस टिकतं तेही सांगा.

दुसरा: पाठीतून कशाला? पाठीच्या कण्यातल्या पाण्यात पेशी सोडल्या तर त्या मज्जारज्जूच्या आसपास जाणार. हा आजार नसांचा नाही, स्नायूंचा आहे. शिवाय शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत. त्यातले श्वासाचा पडदा आणि हृदय, ज्यांच्यावर या मुलांचं आयुष्य अवलंबून असतं, तिथे सुईने पोचताच येत नाही. यावर काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर एक्स्प्लेन करतील." डॉक्टरांनी मेंदूचं आणि स्नायूंचं चित्र काढून दाखवलं. छान काढलं होतं. प्रश्न मात्र तसाच राहिला.

तिसरा: ही क्लिनिकल ट्रायल आहे का? असेल तर सीटीआरआय नंबर द्या. सीटीआरआय म्हणजे आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नंबर मिळाला नाही. "आम्ही सगळ्या गाइडलाइन्स पाळतो," असं सांगण्यात आलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आणि तशाच काही ठरावीक आजारांसाठी होणारं बोन मॅरो ट्रान्सप्लांट सोडलं, तर स्टेम सेलचा बाकी कुठलाही वापर हा संशोधन आहे आणि तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा. आणि चाचणी असेल, तर जो उपचार तपासला जातोय त्याचं बिल पेशंटच्या हातात देता येत नाही. म्हणजे पावणेतीन लाखांची पावती हातात आली, तिथेच या पॅकेजचं खरं स्वरूप कळतं.

हे सगळं मी त्या रात्री ताईला आणि भाऊजींना सांगितलं. भाऊजी ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "काहीच नाही केलं तर नंतर स्वतःला काय सांगू?" मी त्यापुढे वाद घातला नाही. मुलगा त्यांचा, निर्णय त्यांचा. ठरलं, मग मी सोबत गेले.

प्रक्रियेच्या दिवसाबद्दल चांगलंच लिहायचंय. डुशेनच्या मुलांना भूल देताना सक्सिनिलकोलिन हे औषध चालत नाही आणि वासाने द्यायचे भुलीचे गॅसही टाळतात. या औषधांनी स्नायू एकदम तुटून रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. मी विचारायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनीच हे सांगितलं आणि सगळं शिरेतून दिलं. आदल्या दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला होता. घरच्या स्टेरॉइडचा डोस चुकू दिला नाही. नर्स मंडळी प्रेमळ. दादूला शुद्ध आल्यावर त्याने पहिल्यांदा "माऊ कुठंय?" विचारलं, तर सिस्टरने मला नियम बाजूला ठेवून आत घेतलं. त्यांना मनापासून धन्यवाद.

दुसऱ्या दिवशी पेशींचं सर्टिफिकेट मिळालं. जाड कागद, सोनेरी किनार. इथे लॅबवाल्या माणसाचं डोकं चालतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

काउन्सेलर म्हणाल्या, "दादूला एवढे कोटी स्टेम सेल मिळाले." कागदावर तो आकडा होताच, पण त्याच्यापुढे लिहिलं होतं "टोटल न्यूक्लिएटेड सेल्स". म्हणजे केंद्रक असलेल्या सगळ्या पेशी. बोन मॅरोत अशा पेशी भरभरून असतात, पण त्यातल्या बहुतेक तयार होत आलेल्या पांढऱ्या पेशी आणि लाल पेशींची पिल्लं असतात. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शंभरात साधारण एक. आणि ज्या मेसेंकायमल (हाड, चरबी वगैरे बनवू शकणाऱ्या) पेशींच्या नावाने हे पॅकेज विकलं जातं, त्या दहा हजार ते एक लाख पेशींत एखादी. त्या वाढवायच्या तर लॅबमध्ये काही आठवडे कल्चर करावं लागतं. सकाळी मॅरो काढून दुपारी परत सोडला, त्यात ते होऊच शकत नाही. म्हणजे दादूला त्याच्याच मॅरोतल्या, बहुतांशी साध्या पांढऱ्या पेशी परत मिळाल्या. सीडी-३४ (रक्ताच्या मूळ पेशींची खूण) किती, जिवंत पेशींचं प्रमाण किती, हे रकाने कागदावर होते. जिवंत पेशींचा आकडा भरलेला होता, सीडी-३४चा रकाना कोरा. निर्जंतुकतेच्या कल्चरपुढे "पाठवले आहे" असं होतं. त्याचा रिपोर्ट यायला दिवस लागतात, हे मला कळतं. पेशी तर आधीच शरीरात गेल्या होत्या. तो रिपोर्ट आम्हाला आजतागायत मिळालेला नाही. फोन केले, मेल केला. दादूला इन्फेक्शन झालं नाही, हे आमचं नशीब. पण ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथे असा कोरा रकाना ठेवून रिपोर्टवर सही झाली असती, तर मला त्याच दिवशी जाब विचारला गेला असता.

आता निकाल. तीन महिन्यांनी सेंटरने रिव्ह्यूला बोलावलं आणि दोन गोष्टी दाखवल्या. एक, सीपीके ९,८०० वर आला होता, त्याच्यापुढे हिरवा बाण. दोन, नवा व्हिडिओ, त्यात दादू जमिनीवरून पहिल्यापेक्षा लवकर उठतो.

सीपीकेचं ऐका. हा आकडा मूल दिवसभर किती खेळलं त्यावर हलतो. दादूचाच सीपीके मी शाळेच्या स्पोर्ट्स डेनंतर आणि दोन दिवस तापात झोपून राहिल्यावर करून पाहिलाय. दोन्हींत काही हजारांचा फरक होता. आणि पुढे पुढे या आजारात सीपीके आपोआप उतरतोच, कारण फाटायला स्नायूच कमी उरतो. उतरलेला सीपीके ही सुधारणेची खूण धरायची, हे मला कुठल्याही लॅबवाल्याने पटवून द्यावं.

व्हिडिओचं त्याहून महत्त्वाचं. पहिला व्हिडिओ गुळगुळीत फरशीवर, सिन्नरहून प्रवास करून आल्या आल्या काढलेला. दुसरा मॅटवर, व्यायामानंतर. तरी मी म्हणते, फरक खरा होता. मी घरी स्टॉपवॉच लावून त्याचा उठायचा वेळ टिपत होते. आधी सहा सेकंद लागायचे, तेव्हा पाचच्या जरा वर लागले. पण दोन व्हिडिओंच्या मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली होती. पेशी टोचायच्या थोडं आधी न्यूरॉलॉजिस्टनी डेफ्लाझाकोर्ट सुरू केलं होतं. हे स्टेरॉइड या मुलांना चालतं ठेवायला मदत करतं आणि त्याचा असर साधारण याच काळात दिसतो. शिवाय साधारण सात वर्षांपर्यंत ही मुलं वाढीच्या जोरावर काही काळ सुधारतात. आजार खाली ओढत असतो आणि वय वर ढकलत असतं. अमेरिकेसह अनेक देशांत जीन थेरपीची एम्बार्क नावाची मोठी चाचणी झाली, चार ते सात वर्षांच्या मुलांवर. हालचालींच्या ३४ गुणांच्या परीक्षेत औषध मिळालेल्या मुलांचे वर्षभरात सरासरी सुमारे २.६ गुण वाढले. आणि ज्यांना नुसतं खोटं इंजेक्शन दिलं, त्यांचेही सुमारे १.९ वाढले. खोट्या इंजेक्शनवर १.९! त्या मुलांच्या आईबापांना त्या वर्षात कोणी सांगितलं असतं की हे स्टेम सेलमुळे झालं, तर त्यांनी शपथेवर मान्य केलं असतं. म्हणूनच तुलनेला दुसरा गट लागतो, आणि म्हणूनच एका मुलाच्या आधीच्या-नंतरच्या व्हिडिओवर पैसे मोजू नका, मग तो व्हिडिओ अगदी खरा का असेना.

दादू आता आठ वर्षांचा आहे. उठायला नऊ सेकंद लागतात. बूस्टर घेतला नाही.

स्टेम सेलचं सगळं शास्त्रच खोटं, असं माझं म्हणणं नाही. हा आजार पेशींनी बरा करायचे प्रामाणिक प्रयत्न गेली पस्तीस वर्षं चालू आहेत. १९९०च्या सुमारास निरोगी माणसाच्या स्नायूतल्या मायोब्लास्ट (नवा स्नायू बनवणाऱ्या) पेशी मुलांच्या स्नायूत टोचून पाहिल्या. कल्पना योग्य होती, कारण त्या पेशींत जनुक चांगलं होतं. पण बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत मेल्या, उरलेल्या सुईच्या जागेपासून फार लांब गेल्या नाहीत, आणि शरीराने त्यांना परकं मानलं. मग इटलीत जुलिओ कोस्सू यांच्या गटाने रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या मेसोअँजिओब्लास्ट पेशी भावंडांकडून घेऊन रक्तातून सोडल्या. पाच मुलांवर हे झालं, २०१५ मध्ये निष्कर्ष छापले, आणि फायदा फारसा झाला नाही हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. अलीकडे दान केलेल्या हृदयातून काढलेल्या पेशी दर तीन महिन्यांनी सलाइनमधून देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्या पेशी नवा स्नायू बनवतात असा कोणाचा दावा नाही. सूज आणि तंतू कमी करून हात आणि हृदय जास्त काळ टिकवायचं, एवढंच उद्दिष्ट. २०२५च्या जुलैत अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) पुरावा अपुरा म्हणून त्याही औषधाला तेव्हा परवानगी दिली नाही. तिकडे एवढ्या चाचण्यांनंतर परवानगी अडते, आणि आपल्याकडे दीड तासाच्या गप्पांवर मुलाच्या पाठीत सुई जाते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

काउन्सेलर मॅडमचं आणखी एक वाक्य होतं: "जीन थेरपी येईपर्यंत हे करून ठेवा, म्हणजे स्नायू टिकतील." त्यामुळे जीन थेरपीबद्दलही लिहायला हवं, कारण या नावाखालीही उद्या पॅकेजं येतील.

जीन थेरपीत निरुपद्रवी केलेल्या एएव्ही विषाणूच्या पोटात चांगलं जनुक भरून ते शिरेतून सोडतात. अडचण जागेची आहे. डिस्ट्रोफिनच्या जनुकातला कामाचा मजकूर सुमारे ११,००० अक्षरांचा आणि विषाणूत मावतात पाच हजारांपेक्षा कमी. म्हणून कापून कापून लहान केलेलं मायक्रो-डिस्ट्रोफिन वापरतात. एवढं कापलेलं प्रथिन चालेल असं का वाटलं? १९९० साली एका माणसाची नोंद छापून आली. त्याच्या जनुकाचा ४६ टक्के भाग नव्हता, तरी तो ६१व्या वर्षी चालत होता. मला ही नोंद फार आवडते. एका साध्या माणसाच्या चालण्याने एवढ्या संशोधकांना दिशा दिली.

एलेव्हिडिस या औषधाला अमेरिकेत जून २०२३ मध्ये पहिली परवानगी मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर, म्हणजे आपले पंचवीस कोटींच्या वर. वर सांगितलेली एम्बार्क चाचणी त्याचीच. दोन गटांमधला फरक मुख्य निकषावर सिद्ध झाला नाही, उठायचा वेळ वगैरे बाकीच्या मोजमापांत मात्र थोडा फायदा दिसला. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा हे औषध घेतल्यावर लिव्हर निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर ते फक्त चालणाऱ्या मुलांपुरतं मर्यादित केलं आणि ठळक इशारा छापला गेला. फायझरनेही असंच औषध आणलं होतं. त्याच्या चाचण्यांतही मुलं दगावली आणि २०२४ मध्ये मोठी चाचणी अपयशी ठरल्यावर त्यांनी ते सोडून दिलं. हा उपचार एकदाच घेता येतो, कारण नंतर शरीरात त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. आणि गेलेला स्नायू तो परत आणत नाही, उरलेला वाचवायचा प्रयत्न करतो.

एक्सॉन स्किपिंग हा तिसरा मार्ग. दादूसारखे ४८ ते ५० एक्सॉन नसतील, तर ५१वा एक्सॉन वाचताना गाळायचा, म्हणजे वाक्य तुटकं पण अर्थ लागेल असं होतं आणि छोटं का होईना डिस्ट्रोफिन बनतं. यातलं पहिलं औषध एटेप्लिर्सेन, २०१६चं. डिस्ट्रोफिन थोडंसंच वाढतं, दर आठवड्याला सलाइन, आणि खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा. पण कुठला एक्सॉन, हे कळायला रिपोर्ट हवा. सेंटरने दादूचा एमएलपीए रिपोर्ट फाइलला लावला, कुणी उघडून वाचला नाही. हा या सेवेतला माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष. ज्या कागदावर मुलाच्या पुढच्या सगळ्या शक्यता अवलंबून आहेत, तो न वाचता उपचार ठरला. रिपोर्ट काहीही असता तरी पॅकेज तेच मिळालं असतं.

मग पाच तारे कशाचे? फिजिओथेरपीचे. त्या मॅडमनी आठवडाभरात ताईला जे शिकवलं ते दादूच्या रोज कामी येतं. टाचेमागची शीर रोज ताणायची, कशी आणि किती वेळ. रात्री झोपताना पायात स्प्लिंट घालायचे, चालताना नाही. वजन उचलणं नाही, उड्या नाहीत, जिना पुन्हा पुन्हा उतरणं नाही, कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि तेव्हाच जास्त फाटतो. आधीच्या एका जिमवाल्या दादाने "ताकद वाढेल" म्हणून दादूला बैठका काढायला लावल्या होत्या. मॅडमनी त्या पहिल्याच दिवशी बंद केल्या. पोहणं चालेल म्हणाल्या. आता तो सुट्टीत माझ्याकडे राहायला आला की त्र्यंबक रोडवरच्या तलावावर जातो. पाण्यात त्याला कुणाचा हात लागत नाही. ही फिजिओथेरपी सेंटरमध्ये सुटी मिळते, पॅकेज न घेता, काही शे रुपयांत. काउंटरवर हे कोणी सांगत नाही. तुम्ही विचारा.

बाकी जे खरंच उपयोगी आहे ते सगळं पॅकेजच्या बाहेरचं आहे. स्टेरॉइड वेळेवर, आणि कधीही एकदम बंद करायचं नाही. जुलाब-उलट्यांत गोळी पोटात राहिली नाही तर लगेच दवाखाना गाठायचा. वर्षातून एकदा इको आणि श्वासाची तपासणी. ड जीवनसत्त्व आणि हाडं. मस्क्युलर डिस्ट्रॉफी ही २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. सिव्हिल हॉस्पिटलमधून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. रांग लागते, पण सकाळी लवकर गेलं तर काम होतं. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात डुशेनचा समावेश आहे आणि त्यात नेमलेल्या केंद्रांमधून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. आपल्याला जवळचं केंद्र मुंबईचं केईएम. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जातो, नोंदणी केली आहे. कोट्यवधींच्या औषधांपुढे ५० लाख पुरत नाहीत हे उघड आहे, पण तिथे फाइल असली की नवी चाचणी आली तर तुमचं नाव आणि मुलाचं म्युटेशन (जनुकातला नेमका बिघाड) कुठेतरी नोंदलेलं असतं. आणि अशा चाचणीत जायचं असेल, तर आधी सिद्ध न झालेल्या पेशी टोचून घेतलेल्या मुलाला वगळलं जाऊ शकतं. ही गोष्टही काउन्सेलिंगमध्ये आली नाही.

शेवटचं, घरातल्या बायकांसाठी. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. साधारण तीनात दोन मुलांच्या बाबतीत ते आईकडून आलेलं असतं, उरलेल्यात बदल नव्याने झालेला असतो. आई वाहक असेल (म्हणजे बिघडलेलं जनुक तिच्याकडे आहे पण सहसा आजार दिसत नाही) तर प्रत्येक मुलाला आजार व्हायची आणि प्रत्येक मुलीला वाहक असायची शक्यता निम्मी. दीड तासाच्या काउन्सेलिंगमध्ये ताईची तपासणी करा, असं कोणी म्हणालं नाही. ती आम्ही नंतर स्वतः केली. ताई वाहक निघाली. वाहक बायकांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो, म्हणून तिचाही इको आता दादूसोबत होतो. तिने दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं होतं. तिला अपराधी वाटत होतं. तिची काही चूक नाही, हे आम्ही सगळे तिला सांगत असतो. त्यानंतर मी माझी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न या दिवाळीनंतर आहे. ती तपासणीला घाबरत होती. होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतःच सगळं सांगितलं, आणि सोमवारी ते दोघं मिळून सॅम्पल द्यायला माझ्या लॅबमध्ये येणार आहेत.